कमरेएवढी

मला भिंत हवी होती, खरं तर.
विटांचा भाव ऐकला आणि देवळीच्या बाजारातून
तगरीची पाच रोपं आणली, काळ्या पिशव्यांतली.
एसटीत मांडीवर घेऊन बसले.
कंडक्टर म्हणाला, यांचं तिकीट?

पऱ्हाटीचं कुंपण उदईनं खाल्लं होतं.
पलीकडे यमुना चाफले. तिच्या न्हाणीचं पाणी
माझ्या अंगणात यायचं, त्यावरून
जे बोलायचं नव्हतं तेही आम्ही बोललो,
आणि त्याच संध्याकाळी तिनं मोरीच्या तोंडाशी
एक वीट ठोकून बसवली.
मला तिचं तोंड दिसायला नको होतं.
एवढ्यासाठी तगर.

गुणवंत रोपवाला म्हणाला होता,
"बाराही महिने हिरवी राहते. बकरी तोंड लावत नाही,
पानात चीक असते."
उंचीचं मी विचारलं नाही.
त्यानं सांगितलं नाही.

आमची काळी माती पावसाळ्यात चप्पल ओढून घेते
आणि चैतात अशी फाटते
की भेगेत पडलेली किल्ली मी एकदा
उलथन्यानं काढली आहे.
म्हणून हात-दीड हात खणलं. खाली मुरूम,
नाल्यातली दोन घमेली रेती, शेणखत,
निंबाचा पाला कुस्करून.
तरी दोन मेल्या.
त्यांच्या जागी पुन्हा दोन.

पहिल्या वर्षी घोट्याएवढी. मग गुडघ्याएवढी.
तिसऱ्या वर्षी कमरेला आली
आणि थांबली.
मी खत दिलं, शेंड्याला हात लावला नाही.
ती रुंद झाली, दाट झाली,
आत चिमणीला वळायला जागा उरली नाही,
पण वर जायचं नाव नाही.
बाजारात गुणवंतला गाठलं तर हसला.
"बुटकी जात आहे ना बाई. इची भिंत नाही होत."

म्हणजे तीन वर्षं राबून
मी यमुनेला चौकट करून दिली होती.
कमरेच्या वरची यमुना, रोज.
भांडी घासायला बसली की नाहीशी,
धुणं वाळत घालताना अख्खी,
पाखडताना नुसतं सूप वर-खाली.
डावा खांदा जरा पाडून चालते,
हे एवढ्या वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.
सकाळी तिच्या अंगची फुलं ती तोडायची, माझ्या अंगची मी.
मधली आपोआप गळायची.

वैशाखात थोरलीचं बाळंतपण निघालं, यवतमाळला.
बावीस दिवस. दाराला कुलूप, रांजण उपडा.
तगरीवर एक जुनं पोतं टाकलं
आणि बसमध्येच तिचा नाद सोडला.
सेहेचाळीसच्या उन्हात काय राहणार.

परतले. पोतं सुतळीनं बांधलेलं होतं.
मी बांधलं नव्हतं.
पानं जाड, तेल लावल्यासारखी.
आळ्यातली माती बोटाला चिकटली.
मोरीच्या तोंडाशी वीट नव्हती.

यमुना दोरीपाशी लुगडं झटकत होती.
माझ्याकडे न बघता,
लुगड्यालाच सांगावं तशी म्हणाली,
"साबन नाही लावला म्या इतके दिवस.
बेसनानंच आंग धुतलं.
साबनाच्या पान्यानं झाड जळते म्हनतात."

"जळते," मी म्हणाले.

त्यापुढे काही सुचलं नाही.
आत जाऊन रांजण उताणा केला, धुतला,
उगीच दोनदा धुतला.

आज छाटायला घेतली.
कात्री चौकातल्या शिंप्याची, बोथट,
चीक लागून आणखी अडते.
माझी बाजू झाली.
पलीकडे माझा हात पुरत नाही.
तगर वरून इतकी सपाट आणि दाट आहे
की कात्री ठेवली तर आत जात नाही.
ठेवून आले आहे,
मूठ तिकडे करून.